ब्रेकवरचा पाय

पाय गेल्याचं दुःख लोकांना कळतं. ते भेटायला येतात, चादरीखालचा सपाट भाग त्यांना दिसतो, मग ते नजर दुसरीकडे वळवतात आणि मोसंब्यांची पिशवी ठेवून जातात. पण गेलेला पाय दुखतो, हे कुणाला सांगायचं? मी कितीतरी महिने घरात कुणालाच सांगितलं नाही. आपल्याला वेड लागतंय अशी माझी खात्री होत चालली होती, आणि ते आपल्याच तोंडानं घरच्यांना सांगायची हिंमत नव्हती.

ज्यांचा हात किंवा पाय गेलाय आणि जे भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं मला सांगता येणार नाहीत. माझं काय झालं तेवढं सांगतो.

केळीचा पाला

मी तेव्हा एदलाबादला पशुधन पर्यवेक्षक होतो. गावाचं मुक्ताईनगर पुढे झालं. बायको सुनंदा तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. माझं काम खेडोपाडी फिरायचं. गाय अडली, बैलाचा खूर सडला, म्हशीला ताप आला की निरोप यायचा आणि मी मोटारसायकलला किक मारायचो.

त्या दिवशी सकाळी एका वस्तीवर गाय अडली होती. वासरू जिवंत निघालं, गायही उभी राहिली. घरच्या अक्कानं दूध-साखर प्यायला लावली. मी खुशीत परत निघालो होतो. बारीक भुरभुर चालू होती. वाटेत एका फरशी पुलाजवळ वळणावर केळीचा ट्रक भरत होते. घडांखाली अंथरायचा पाला रस्त्यावर पडलेला, त्यावर केळीचा चीक आणि पावसाचं पाणी. वळण घेतलं आणि ट्रकची मागची फळी एकदम समोर दिसली. तिला टेकून एक बाई घड उचलत होती.

मी उजव्या पायानं ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. मागचं चाक फिरायचं थांबलं, पण गाडी थांबली नाही. उलट तेलावर टाकल्यासारखी ती आडवी सुटली. हँडल वळवत होतो ते आठवतं. वळत काही नव्हतं. बाईला सोडून गाडी पुलाच्या दगडी कठड्यावर गेली. माझा पाय ब्रेकच्या पायटीवर होता, तो गाडी आणि दगडाच्या मध्ये सापडला.

त्या बाईला खरचटलंसुद्धा नाही. ती ओरडत होती, "अहो, पाय काढा, पाय काढा!" आणि मी तिला शांतपणे सांगत होतो, "निघत नाही, ब्रेकवर आहे."

केळी भरणाऱ्या माणसांनी गाडी उचलली तेव्हाच तो निघाला.

गुडघ्याखाली

जळगावच्या दवाखान्यात पहिले काही दिवस पाय वाचवायची खटपट चालली. मग बोटं काळी पडायला लागली. एका सकाळी मोठे डॉक्टर आले, पट्टी सोडून बघितलं, आणि माझ्याशी न बोलता सुनंदाला बाहेर बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांचा शब्द ऐकू आला, "गुडघ्याखाली." सुनंदा आत आली, पाण्याचा तांब्या उगीच या टेबलावरून त्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "गुडघा राहतोय. डॉक्टर म्हणाले, गुडघा राहिला तर माणूस चालतो."

तिनं मला दुःख असं सांगितलं. पुढेही तिची तीच पद्धत राहिली. आधी काय उरलंय ते, मग काय गेलंय ते.

शस्त्रक्रियेनंतर शुद्ध आली तेव्हा पहिली जाणीव उजव्या पायाचीच झाली. अंगठा, टाच, घोटा, सगळं जागेवर. मला वाटलं, ऐनवेळी डॉक्टरांचा विचार बदलला. इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "वाचला!" सिस्टर धावत आल्या. मी चादर उचलली.

त्या क्षणाबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

वॉर्डातले दिवस सगळे सारखेच होते. पहाटे फिनाईलचा वास, मग चहाची किटली, मग पट्टी बदलणारा माणूस. त्याच्या गाड्याचं एक चाक करकरायचं आणि ते लांबून ऐकू आलं की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. दुपारी सुनंदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. शेजारच्या खाटेवरचे नाना पोटाचे रुग्ण होते, त्यांना तिखट बंद. ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, डबा जरा इकडून उघडा. वास तरी येऊ द्या." ती रोज आधी त्यांच्या नाकाजवळ डबा उघडायची. त्या दिवसांत मी हसलो असेन ते तेवढ्याच वेळी.

तो पाय

आता खरी गोष्ट.

कापलेला पाय जाणवत होता एवढंच असतं तर मी सहन केलं असतं. पण तो मोकळा नव्हता. तो ब्रेकवर होता. चवडा खाली दाबलेला, बोटं आत वळलेली, पोटरी दगडासारखी ताठ. मी घरी आलो, खाटेवर पडलो, खुर्चीवर बसलो, तरी तो दाबलेलाच. सबंध दिवस पायात गोळा आलेला असावा आणि सरळ करायला पायच नसावा, असं ते दुखणं. हातानं मी हवेत चाचपडायचो. चोळायला काही सापडायचं नाही.

डॉक्टरांना एकदा भीतभीत सांगितलं. ते चांगले होते, घाईत होते. म्हणाले, "मनाचे खेळ असतात. विचार करू नका." मग मी विचार न करायचा प्रयत्न करू लागलो. पाय माझा विचार करत राहिला.

आम्ही जळगावला आईच्या घरी राहायला आलो होतो. सुनंदानं बदलीसाठी अर्ज केला होता आणि तोवर ती एसटीनं जाऊन-येऊन शाळा करत होती. एका दुपारी ती दमून आली आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी टेकली. मी किंचाळलो, "ऊठ! पायावर बसलीस!"

ती ताडकन उठली. खाली बघितलं. तिथे नुसती गादी होती.

"कुठल्या पायावर?" तिनं विचारलं.

मी सांगून टाकलं. सगळं. ती उभ्यानं ऐकत राहिली. मला वाटलं आता ती रडेल. तिनं बाजूचा स्टूल ओढला, त्यावर बसली आणि त्या दिवसानंतर खाटेच्या त्या भागावर ती कधी बसली नाही, कपड्यांची घडीसुद्धा तिथे ठेवली नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आपण दोघंही वेडे झालो असं वाटायचं. आता कळतं की माझ्यावर विश्वास ठेवायची तिची ती रीत होती.

माझं ओरडणं स्वयंपाकघरात आईनं ऐकलं होतं.

आई सोनगीरची. सगळं आयुष्य जळगावात काढलं तरी बोली तिकडची अहिराणीच राहिली. आमच्या घरात अंगारे-धुपारे, भगत, उतारे कधीचेच बंद झालेले. संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, आणि कुणी भूतखेताचं बोललं तर आईच त्याला गप्प करायची. पण त्या दिवशी ती माझ्याजवळ आली नाही. ती माझ्या थोरल्या भावाची वाट बघत ओट्यावर बसली.

भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, वेगळा राहायचा, पण सुटल्यावर रोज आईकडे डोकवायचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, वडिलांच्या माघारी त्यानंच मला शिकवलेलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यातल्या माणसानं माझा पाय कापडात गुंडाळून त्याच्याच हातात दिला होता. तो त्यानं आमच्या स्मशानभूमीच्या कडेला पुरला. हे मला माहीत होतं, पण आम्ही कधी बोललो नव्हतो.

तो आला तेव्हा आईनं सरळ विचारलं, "तू तो पाय पुरा, तवय बोटं सरळ करीसन पुरा का?"

भाऊ खाली वाकून चपला काढू लागला.

"मी काय इचारस? फडकं सोडीसन देखं व्हतं का?"

"नही माय," भाऊ म्हणाला. "माले देखायनं नही." त्याला ते बघवलं नव्हतं.

"मंग तो तठे वाकडाच शे," आई म्हणाली. "म्हनीसन याले दुखस."

मी आतून ऐकत होतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण अंगावर काटा आला, कारण पाय वाकडा आहे हे मी आईला सांगितलेलं नव्हतं. सुनंदानं तिला सांगितलं असेल. तसंच असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कामावर न जाता परस्पर कुठेतरी गेला. उन्हं चढल्यावर आमच्या अंगणात आला. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, सदरा घामानं चिकटलेला. सुनंदानं हातावर पाणी घातलं. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "जागा सापडली नाही. पावसानं सगळं सपाट झालंय. दोन-तीन ठिकाणी बघितलं."

मग तो गेला. आणि त्यानंतर त्याचं येणंच कमी झालं.

धुळे

पुढच्या वर्षी धुळ्याला कृत्रिम पायांचं शिबिर होतं. सुनंदा मला एसटीनं घेऊन गेली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा कुबड्या सांभाळत खाली उतरायची मला लाज वाटली, म्हणून तहान लागूनही बसून राहिलो. ती खाली उतरली, कुणाकडून तरी तांब्या मागून आणला आणि खिडकीतून वर धरला.

शिबिरात व्यायाम शिकवणाऱ्या एक देवरे मॅडम होत्या. मध्यमवयीन, आवाज खणखणीत, शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखा. त्यांनी माझ्या उरलेल्या पायाचं माप घेतलं आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "आणि खालचा पाय? तो कसा आहे?"

मी सुनंदाकडे बघितलं.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "इथं रांगेत बसलेल्या प्रत्येकाला आहे तो. कुणाचा जळतो, कुणाचा खाजतो. तुमचा?"

"ब्रेकवर आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या. शेवटच्या घटकेला पाय जसा होता तसाच डोक्यानं धरून ठेवलाय, असं बऱ्याच जणांचं होतं, त्यांनी सांगितलं. डोक्याकडे त्यानंतरची बातमी आलेलीच नाही. पाय निघाला, हे त्याला कुणी कळवलंच नाही.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला मी वेडा नाही असं सांगत होतं, आणि तेही पट्टीची गाठ मारता मारता. मी तिथेच रडलो. रांगेतल्या कुणी वळून बघितलं नाही. त्यांना माहीत असावं.

मॅडमनी शिकवलेला व्यायाम साधा होता. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे. डाव्या पायाखाली लाकडी ठोकळा. डावा पाय दाबायचा आणि नसलेला उजवाही त्याच्याबरोबर दाबतोय असं मनात आणायचं. मग दोन्ही सोडायचे.

"एकदम सोडायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "घाबरलेला पाय एकदम सुटत नाही. जरासा सोडा. परत दाबा. परत जरासा सोडा. त्याला कळू द्या की सोडता येतं."

घरी आल्यावर मी रोज बसायचो. सुनंदा समोर वह्या तपासत बसायची आणि मध्येच मान वर न करता म्हणायची, "सोड." मग जरा वेळानं, "दाब." कितीतरी आठवडे काही झालं नाही. मी ठोकळा फेकून दिला, तिनं तो उचलून आणला. मी तिला नको ते बोललो, तिनंही मला ऐकवलं. जेवणं न बोलता व्हायची. त्या काळात आमचा संसार मोडला नाही, याचं श्रेय मला जात नाही.

आणि एका दुपारी पंखा बंद होता, वीज गेलेली, घामानं पाठ भिजलेली, डोळे मिटलेले, आणि तो उचलला गेला. फार नाही, पायटीवरून बोटभर वर. पोटरीतला दगड जरा सैल झाला. मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर परत दाबला जाईल अशी भीती वाटली.

"काय झालं?" सुनंदानं विचारलं.

"उचलला," मी म्हणालो.

तिची लाल पेन्सिल थांबली. "हळू," ती म्हणाली. "घाई करू नको."

सगळं दुखणं त्या दिवशी गेलं असं समजू नका. अजूनही थंडीच्या दिवसांत किंवा दमलो की तो दाबला जातो. पण त्याला सोडता येतं हे आता आम्हा दोघांना माहीत आहे.

भाऊ

नवा पाय लावून जरा चालता यायला लागलं तेव्हा मला जळगावच्याच कार्यालयात बसून करायचं काम मिळालं. एके दिवशी सुटल्यावर मी भाऊच्या वर्कशॉपवर गेलो. तो बसखालच्या खड्ड्यात उभा होता. त्यानं आधी माझा नवा बूट बघितला, मग मला.

"तू घरी का येत नाहीस?" मी विचारलं.

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बापू, तुझा मागचा ब्रेक मी आवळला होता. अपघाताच्या आदल्या रविवारी. सैल वाटतोय म्हणालास, म्हणून नट पिळून दिला. जरा जास्तच पिळला. म्हटलं, भावाची गाडी, ब्रेक कडक पाहिजे."

मी हे साफ विसरलो होतो.

"चाक थांबलं म्हणजे गाडी थांबली, असं नसतं रे," तो म्हणाला. "चाक फिरतंय तोवर गाडी तुझ्या हातात. जाम झालं की ती कुणाचीच नाही. मला हे माहीत होतं, तरी पिळला."

मी त्याला किती समजावलं. रस्ता ओला होता, चीक होता, बाई समोर होती, मी पूर्ण ताकदीनं दाबला, नट सैल असता तरी तेच झालं असतं. तो मान हलवायचा, पण ऐकत नव्हता. पुढची काही वर्षं तो सणासुदीला यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा, आणि माझ्या पायाकडे न बघता निघून जायचा. आई गेली तेव्हाही आम्ही दोघं शेजारी उभे होतो आणि बोललो नाही. माझा पाय मला छळत होता, आणि बहुधा तोच पाय त्याच्याही मागे लागला होता. माझ्याजवळ निदान देवरे मॅडम होत्या.

मग नव्वद सालानंतर कधीतरी, एका सुटीच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. हातात इंग्रजी मासिक, कुणा इंजिनिअरच्या टेबलावरचं, परदेशी मोटारसायकलींचं. तो दाराजवळ बसला नाही. सरळ सुनंदासमोर गेला आणि एक पान उघडून म्हणाला, "हे काय लिहिलंय ते वाचून सांग. चित्र कळतं मला. अक्षर कळत नाही."

सुनंदानं चष्मा लावला. तिकडच्या एका मोटारसायकलला नव्या तऱ्हेचा ब्रेक बसवला होता, अँटी-लॉक म्हणून. ती वाक्य-वाक्य वाचून मराठीत सांगू लागली. चाकाजवळ एक लहान यंत्र असतं. चाक जाम होतंय असं त्याला कळलं, की चालवणाऱ्यानं कितीही दाबून धरलेलं असो, ते ब्रेक जरासा सोडतं, लगेच परत लावतं, परत सोडतं. एका सेकंदात कितीतरी वेळा. म्हणून ओल्या रस्त्यावरही चाक फिरत राहतं आणि गाडी वळवता येते.

मी ऐकत होतो आणि माझा नसलेला पाय तिच्या शब्दांबरोबर हलत होता.

"त्यांनी हे कशासाठी काढलं?" भाऊनं विचारलं. "तिकडे तर ब्रेक नीट बसवत असतील. आपल्यासारखे अंदाजानं पिळत नसतील."

सुनंदा पुढे वाचत गेली. मग बोट ठेवून म्हणाली, "इथं आहे. साधा ब्रेक कितीही नीट जुळवलेला असला, तरी निसरड्या रस्त्यावर एकदम पूर्ण दाबला तर चाक जाम होतं. कसलेल्या माणसाचंही होतं. समोर काही आलं की माणूस घाबरून पूर्ण दाबतो, आणि हाता-पायानं तेवढ्या लवकर सोडणं माणसाला जमत नाही."

"कितीही नीट जुळवलेला?"

"हो, भाऊजी."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, आमच्या आईला कळलं असतं इतकं सावकाश. भाऊनं मासिक तिच्या हातातून घेतलं आणि न कळणाऱ्या त्या ओळीकडे बघत बसला. वर्कशॉपमधल्या तेलानं काळी झालेली त्याची नखं कागदावर होती. मग त्यानं मासिक मिटलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून विचारलं, "दुखतो का रे अजून?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी लोकांना तेच सांगत आलो होतो.

"दुखतो," मी म्हणालो. "अधूनमधून."

मी खाटेवर पाय लांब करून बसलो होतो, कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवलेला. भाऊ उठला, खाटेच्या पायथ्याशी आला आणि खाली जमिनीवर बसला. उजव्या गुडघ्याच्या पुढे जिथे नुसती चादर होती तिथे त्यानं हात ठेवला.

"इथं?"

"जरा खाली."

त्यानं हात खाली सरकवला आणि चादरीवर हळूहळू फिरवू लागला, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सुनंदा चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मला तिथे काहीच जाणवत नव्हतं. पण मी त्याला हात काढ म्हणालो नाही.